जपानहून जुनी सीएक्स-५ आणताय? २.०, २.५ की डिझेल

न्यूझीलंडमध्ये नव्याने स्थायिक झालेल्या मराठी घरात पहिल्या वर्षी गाडीचा विषय निघतो आणि बऱ्याचदा माझदा सीएक्स-५वर येऊन थांबतो. जपानहून आलेल्या जुन्या गाड्यांचा इथे सुकाळ आहे, स्टिअरिंग आपल्या सवयीप्रमाणे उजवीकडे आणि गाडी दिसायलाही देखणी. मग प्रश्न उरतो इंजिनाचा.

भारतातून येताना आपण ‘सीसी वाढली की कर वाढला’ हे गणित डोक्यात घेऊन येतो. इथे ते लागू नाही. प्रवासी गाडीवर सहसा सीमाशुल्क नसतं. किंमत, जहाजभाडं आणि विमा यांच्यावर १५ टक्के जीएसटी लागतो, मग इंजिन कितीही सीसीचं असो. फरक पडतो तो दोन ठिकाणी. पहिलं, २०२३पासून लागू झालेलं कार्बन मानक: गाडीच्या उत्सर्जनानुसार आयात करणाऱ्याला शुल्क भरावं लागतं किंवा सवलत मिळते. याचे दर सरकार बदलत असतं, म्हणून जपानमधल्या गाड्यांच्या लिलावात बोली लावण्याआधी त्या दिवसाचा आकडा आयात करून देणाऱ्या एजंटकडून लेखी घ्या. दुसरं ठिकाण म्हणजे डिझेलवरचा रस्ता-कर, त्याकडे खाली येतोच.

लिलावाच्या यादीत २०एस म्हणजे दोन लिटर पेट्रोल, २५एस म्हणजे अडीच लिटर पेट्रोल आणि एक्सडी म्हणजे २.२ लिटर डिझेल. पहिल्या पिढीच्या चासी क्रमांकाची सुरुवातही तेच सांगते: केईई, केई५, केई२, याच क्रमाने. जाहिरातीत घोळ असेल तर चासी क्रमांकावर विश्वास ठेवा.

| | २.० पेट्रोल | २.५ पेट्रोल | २.२ डिझेल |
|---|---|---|---|
| ताकद (पीएस म्हणजे अश्वशक्ती, सुमारे) | १५५ | १८५ | १७५ |
| टॉर्क म्हणजे ओढ (न्यूटन-मीटर, सुमारे) | २०० | २५० | ४२० |
| १०० किमीला इंधन (माझा अंदाज) | ८ लिटर | ८.६ लिटर | ६.५ लिटर |
| १,००० किमीचं इंधन | २०८ डॉलर | २२४ डॉलर | १२४ डॉलर |
| रस्ता-कर | पंपावरच घेतला जातो | पंपावरच घेतला जातो | ७६ डॉलर |
| एकूण | २०८ | २२४ | २०० |

पेट्रोल २.६० आणि डिझेल १.९० डॉलर लिटर धरलंय. भाव हलते आहेत, तुमच्या पंपावरचे आकडे घालून पुन्हा मांडा.

शेवटची ओळ नीट बघा. पंपावर डिझेलचा भाव बघून जो आनंद होतो, तो रस्ता-कर भरताना ओसरतो. हा कर हजार-हजार किलोमीटरच्या हिशेबात आगाऊ विकत घ्यायचा असतो आणि त्याचं लेबल पुढच्या काचेवर लावायचं असतं. शिवाय अपघात विम्याची जी लेव्ही पेट्रोलवाले पंपावर देतात, ती डिझेलवाल्यांच्या वार्षिक लायसन्स फीमध्ये येते, म्हणून ती फीही जास्त. वर्षाला १२,००० किमी चालवणाऱ्याचे २.०च्या तुलनेत जेमतेम शंभरेक डॉलर वाचतील, तेही ही जादा फी वजा करण्याआधी.

आणि त्या शंभर डॉलरसाठी तुम्ही काय अंगावर घेता? डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरत आला की इंजिन जादा इंधन सोडून काजळी जाळून टाकतं. त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने चालावी लागते. मुलांना शाळेत सोडलं, सँडरिंगहॅमला किराणा घेतला, परत घरी, असं रोज चाललं तर हे जळणं दरवेळी अर्ध्यावर तुटतं. न जळलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि ऑईलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाते. माझदाने या इंजिनाच्या डिपस्टिकवर ‘फुल’च्या वर मुद्दाम फुलीची खूण दिली आहे: तिथवर पातळी आली की ऑईल बदला. जपानमध्ये या इंजिनासाठी काजळीशी संबंधित रिकॉलही निघाले आहेत. ते काम झालंय का, हे चासी क्रमांकावरून बोलीआधीच तपासून घ्यायला सांगा. तिथल्या मालकाने गाडी टोकियोच्या गल्लीबोळातच फिरवली असेल, तर कमी किलोमीटर हा गुण नव्हे, संशयाचं कारण आहे.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी बोलत नाही. डिझेल आणि ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ताकद) ही जोडी होक्काइदोसारख्या बर्फाळ भागात आवडती आणि तिथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात. वरून चकचकीत गाडी खालून गंजलेली निघू शकते. इथे बंदरात उतरल्यावर प्रवेश-तपासणीत निरीक्षक गंज फार काटेकोरपणे बघतात, आणि सांगाड्याला गंज निघाला तर दुरुस्ती करून ती प्रमाणित करून घ्यावी लागते. तो खर्च आयात करणाऱ्याच्या बोकांडी. तेव्हा लिलावाच्या कागदावर साडेचार, म्हणजे चांगली ग्रेड असली तरी गाडीच्या खालचे फोटो मागाच. ग्रेडच्या जागी ‘आर’ असेल तर ती अपघातातून दुरुस्त केलेली. घरगुती खरेदीदाराने तिच्या नादी लागू नये.

म्हणजे डिझेल वाईट का? अजिबात नाही. हॅमिल्टनहून ऑकलंडला आठवड्यातून तीन-चार वेळा ये-जा करणाऱ्याला किंवा मागे बोट ओढणाऱ्याला याच्याइतकं समाधान दुसरं इंजिन देणार नाही. ४२० न्यूटन-मीटर दोन हजार आरपीएमलाच हाताशी असतात, चढावर गिअर खाली यायची गरजच पडत नाही. पण असा वापर आपल्यात थोड्यांचाच असतो.

आता खरी लढत, दोन पेट्रोलमधली. सपाट शहरात २.०मध्ये काहीच खटकत नाही. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडी साधारण साडेचौदाशे किलोची आहे, तिला हे इंजिन पुरतं. पाच माणसं, सामानाने भरलेली डिकी आणि समोर तौरंगाकडे जाणारी काइमाईची चढण असेल, तेव्हा मात्र गिअरबॉक्स दोन पायऱ्या खाली उतरतो आणि इंजिन ओरडायला लागतं. बॉम्बे हिल्सलाही थोडं तसंच. गाडी थांबत नाही, पण ओव्हरटेक करताना मन कचरतं. २.५ तिथे शांतपणे चढते. त्याच १२,००० किमीच्या हिशेबाने वर्षाला साधारण १९० डॉलर जादा, एवढीच त्या शांततेची किंमत. दर दुसऱ्या शनिवारी बाहेर पडणाऱ्या घराने ती खुशाल मोजावी, असं माझं मत. दोन्ही इंजिनं इथल्या ९१ ऑक्टेनवर चालतात आणि दोन्हींना टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे. गिअरबॉक्स तिन्हींत सहा गिअरचा ऑटोमॅटिक, गिअरच्या पायऱ्या नसलेला सीव्हीटी नव्हे. ही सीएक्स-५ची मोठी जमेची बाजू. जपानी नेव्हिगेशनचा वैताग तिन्हींत सारखाच.

२.५मध्ये ऑल-व्हील ड्राइव्ह बऱ्याचदा सोबत येतो. रुआपेहूला स्कीइंगला जाणार नसाल तर त्यासाठी वेगळे पैसे घालू नका. वजन वाढतं आणि पेट्रोलही. फ्रंट-व्हील ड्राइव्ह २.५ यादीत दिसली तर थोडी वाट बघून तीच धरा.

बजेट आखडतं असेल तर पेच वेगळा होतो: त्याच पैशात २०१४ची २.५ की २०१७नंतरची, दुसऱ्या पिढीची २.०? अशा वेळी मी २.० घेईन. केबिन जास्त शांत आहे, सुरक्षेची साधनं पुढची आहेत आणि गाडी तीन वर्षांनी तरुण आहे. काइमाईला उजव्या लेनचा मोह तेवढा टाळायचा.