चिखल्यांचं मलम: आठवड्याचं घ्यावं की महिन्याचं?

पायाच्या करंगळीच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडून सोलवटते आणि मोजा काढला की खाजवल्याशिवाय राहवत नाही. आपण याला चिखल्या म्हणतो, डॉक्टर टिनिया पेडिस म्हणतात, आणि ट्यूबवर अ‍ॅथलीट्स फूट असं छापलेलं असतं. (खेळाचा संबंध इतकाच, की घामट बूट आणि सामायिक न्हाणीघरं बुरशीला मानवतात.) औषधाच्या दुकानात बहुधा दोन नावं पुढे येतात: क्लोट्रिमॅझोल आणि टर्बिनाफीन. दोन्ही मलमं साधारणपणे १ टक्क्याचीच.

दोघांचा नेमही एकाच जागी आहे. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल लागतं, ते तयार होऊ द्यायचं नाही. फरक आहे तो कुठे अडवायचं यात. क्लोट्रिमॅझोल हे काम उशिराच्या टप्प्यावर थांबवतं. बुरशीची वाढ खुंटते, पण ती लगेच मरतेच असं नाही. टर्बिनाफीन बरंच आधी अडवतं, त्यामुळे पेशीत स्क्वालीन, म्हणजे एर्गोस्टेरॉलचा कच्चा माल, साचत जातं आणि तेच तिचा जीव घेतं. शिवाय लावणं थांबवल्यावरही हे औषध कातडीच्या वरच्या थरात काही दिवस टिकून राहतं.

म्हणून बेचक्यातल्या चिखल्यांना टर्बिनाफीन साधारण १ आठवडा पुरतं, तर क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा, सुमारे ४ आठवडे लावावं लागतं. माझ्या मते निवड इथेच होते. खाज काही दिवसांतच कमी होते आणि माणूस ट्यूब विसरतो. क्लोट्रिमॅझोल वापरताना असं झालं तर बुरशी फक्त दबा धरून बसलेली असते. सांगितलेला कोर्स आपण शेवटपर्यंत पाळत नाही, हे स्वतःबद्दल ठाऊक असेल तर टर्बिनाफीनच घ्यावं.

मग क्लोट्रिमॅझोलच्या बाजूने काहीच नाही का? आहे. बेचक्यात कँडिडा ही वेगळी बुरशी असेल तर तिच्यावर ते अधिक भरवशाचं. गरोदरपणातही डॉक्टर सहसा त्यालाच पसंती देतात.

कोणतंही घेतलं तरी पाय धुऊन बेचकी कोरडी करा, आणि मलम लालसर भागाच्या पलीकडे बोटभर निरोगी कातडीवरही लावा. बुरशी दिसते त्याहून पुढे पसरलेली असते.

दुकानात तिसरी ट्यूबही असते, बुरशीचं औषध आणि स्टिरॉइड एकत्र असलेली. खाज एका रात्रीत शमते, म्हणून ती सगळ्यात चांगली वाटते. स्वतःच्या मनाने ती घेऊच नका. स्टिरॉइड लाली झाकतं, बुरशी मात्र निवांत पसरते, आणि पुढे डॉक्टरांनाही चट्टा ओळखू येईनासा होतो.

पावडरीचा उपयोग पाय कोरडे ठेवण्यापुरता. मुरलेला संसर्ग तिने हटत नाही.

तळवा आणि टाच मोज्याच्या आकारात कोरडी, जाड, पिठूळ झाली असेल तर वरच्या दोन मलमांची तुलना फारशी कामाची नाही. जाड कातडीत मलम पुरेसं मुरत नाही, बहुतेकदा काही आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या यकृताचा विचार करून डॉक्टरांनीच द्यायच्या असतात. नखं पिवळी, ठिसूळ झाली असली तरी तेच. तिथे दडलेली बुरशी बेचक्यात पुन्हा पुन्हा उतरते.

पूर्ण कोर्स करूनही फरक नाही? लगेच दुसरी ट्यूब आणू नका. टर्बिनाफीनला दाद न देणाऱ्या बुरशी आता आढळतात, आणि कित्येकदा ती बुरशी नसतेच; इसब किंवा जंतूंचा संसर्गही असाच दिसतो. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बरंचसं कळतं. मधुमेह असेल, किंवा पाय सुजून लाल आणि गरम झाला असेल, तर मलमांची तुलना बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना पाय दाखवा. चिखल्यांच्या भेगेतून जंतू आत शिरतात.

औषध चालू असताना ओले बूट लगेच पुन्हा घालू नका, दोन जोड आलटून पालटून वापरा. आणि कपडे घालताना मोजे आधी, अंतर्वस्त्र नंतर. नाहीतर पायाची बुरशी जांघेत पोचते.