रेघ की पोत? जनरेटिव्ह कलेची सुरुवात कुठून करावी

जनरेटिव्ह कला म्हणजे कोडमध्ये नियम लिहून चित्रं घडवणं. पी५.जेएस हे त्यासाठीचं साधन शिकून झालं, पडद्यावर वर्तुळं हलू लागली, आता निसर्गासारखं काहीतरी उगवायला हवं. अशा वेळी निवड बहुधा दोन पद्धतींत करावी लागते: एल-सिस्टीम आणि रिॲक्शन-डिफ्यूजन. (पर्लिन नॉइज, म्हणजे हळूहळू बदलत जाणारे यादृच्छिक आकडे, सोपं आहे, पण त्यातल्या प्रवाही रेघा इतक्यांनी काढल्यात की त्यात स्वतःचा हात दिसणं कठीण.)

एल-सिस्टीम ॲरिस्टिड लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञाने १९६८ साली मांडली, शेवाळासारख्या साध्या सजीवांची वाढ समजून घेण्यासाठी. यात अक्षरांच्या जागी नियमाने नवी अक्षरं लिहीत जायचं आणि शेवटी त्यांचं चित्र काढायचं. ‘फ’ म्हणजे एक रेघ पुढे. प्रत्येक ‘फ’च्या जागी ‘फ[+फ]फ[-फ]फ’ लिहायचं. कंस उघडला की फांदी फुटते, मिटला की परत खोडावर. अधिक-उणे म्हणजे सुमारे २५ अंशांचं वळण. पाच वेळा नियम लावला की एका रेघेच्या ३,१२५ होतात आणि पावसाळ्यात चिऱ्याच्या गडग्यावर उगवतं तसं रोपटं समोर उभं राहतं. कोन दोन अंशांनी बदला, झाडाची जातच बदलते. साधा लॅपटॉप पुरतो. रेघा व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांनी नव्हे तर गणिताने आखलेल्या, असल्याने केवढ्याही मोठ्या छापल्या तरी फाटत नाहीत.

रिॲक्शन-डिफ्यूजनचं मूळ ॲलन ट्युरिंगच्या १९५२ सालच्या लेखात आहे. दोन रसायनं वेगवेगळ्या गतीने पसरतात, एकमेकांशी क्रिया करतात आणि एकसारख्या पृष्ठभागावर आपोआप ठिपके-पट्टे उमटतात. हान्स माइनहार्टने समुद्री शंखांवरची नक्षी याच विचाराने उलगडली: शंख कडेने वाढतो, त्यामुळे नक्षीही ओळीमागून ओळ उमटत जाते. गोव्यातल्या मिरामारच्या वाळूत सापडलेला शंख हातात धरून हे पाहा, मग कोडकडे वळा. ग्रे-स्कॉट प्रारूपात, म्हणजे या क्रियेच्या एका गणिती रूपात, एका रसायनाच्या पुरवठ्याचा आकडा ०.०५५ आणि दुसरं काढून टाकण्याचा ०.०६२ ठेवला की पोवळ्यासारखे वळसे पसरतात, ०.०३६७ आणि ०.०६४९ केले की ठिपके पेशींसारखे दुभंगत राहतात. आकड्यांच्या अशा जोड्यांच्या मधल्या प्रदेशात भटकणं हेच खरं काम, आणि मला ते विलक्षण वाटतं.

किंमत मात्र आहे. ५१२ बाय ५१२ च्या जाळीत २,६२,१४४ घरं असतात आणि प्रत्येक फ्रेमला ती कित्येकदा मोजावी लागतात. शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिता येत नसेल तर चित्र रांगत चालतं. छपाईला लहान जाळी मोठी केली की कडा धूसर होतात.

हात रेघेचा असेल, रांगोळी किंवा पेनाचं काम करत असाल, शिवाय प्रदर्शन तोंडावर आलं असेल, तर एल-सिस्टीम घ्या. नजर पोतावर जात असेल आणि हाताशी वेळ असेल, तर रिॲक्शन-डिफ्यूजनच. त्यातही रंग दोनच ठेवून पाहा, गेरूचा तांबडा आणि चुन्याचा पांढरा: आपल्या गोवा-कोकणातल्या देवळांतल्या कावी चित्रांना हे दोनच रंग पुरले, आणि या पद्धतीचे वळसे दोनच रंगांत सर्वांत स्वच्छ उठतात.