स्टिअरिंगवर नाव नसलेली ह्युंदाई: जॉर्जियात दहा महिने, १३ हजार मैल

२०२५ च्या फेब्रुवारीत गाडी घरी आली तेव्हा मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला. अभिनंदनं झाली आणि पाठोपाठ तिघांचे खासगी मेसेज आले. तिघांचा प्रश्न एकच: टोयोटा का नाही घेतली? अटलांटाच्या आसपासच्या मराठी घरांत गाड्यांचा क्रम जवळपास ठरलेला आहे. नवी नोकरी लागली की टोयोटाची जुनी कोरोला, ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना टोयोटाचीच कॅमरी किंवा होंडाची सीआर-व्ही, मुलं झाली की होंडाची ओडिसी. आमच्या दारातही कॅमरी आहेच. त्यामुळे त्या प्रश्नात खवचटपणा नव्हता, काळजी होती. तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. आता देते.

गाडी ह्युंदाईची इलेक्ट्रिक, २०२५ ची आयोनिक ५, त्यातलं एसईएल हे मधलं मॉडेल, ऑल व्हील ड्राइव्ह म्हणजे चारही चाकांना जोर, ८४ किलोवॅट-अवरची बॅटरी. सरकारी आकड्याप्रमाणे एका चार्जमध्ये २९० मैल. विकत घेतली नाही, तीन वर्षांच्या लीजवर घेतली. त्याचं कारण आधीच सांगून टाकते. गाडी चालवून बघितली तेव्हाच आवडली होती, पण नावावर मन बसत नव्हतं. पटली नाही तर तीन वर्षांनी परत देता यावी, एवढी सोय हवी होती.

रोजचं जाणं-येणं ४५ मैलांचं, त्यातलं बरंचसं ४०० नंबरच्या हायवेवर, म्हणजे निम्मा वेळ ब्रेकवरच. अशा रस्त्यावर ही गाडी सुख देते. एका पेडलवर चालवायची सवय दोन दिवसांत लागली. पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, थांबते आणि तेवढी वीज बॅटरीत परत जाते. संध्याकाळी घरी पोचल्यावर पाय दुखत नाहीत, हे मी कॅमरीबद्दल कधीच म्हणू शकले नाही. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जवळजवळ तीन मीटर आहे आणि मागची जमीन सपाट आहे. उन्हाळ्यात बाबा आले होते. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. मागे बसून त्यांनी पाय सरळ पसरले आणि समुद्रकाठचं सव्हाना येईपर्यंत एकदाही "जरा थांबव" म्हणाले नाहीत.

चार्जिंग घरीच, रात्री अकराच्या पुढे, वीज स्वस्त असते तेव्हा. लांबच्या प्रवासात मात्र थोडा अभ्यास लागतो. ३५० किलोवॅटचा चार्जर मिळाला तर १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर यायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात डबा उघडून दशम्या खाऊन होतात. २०२५ च्या गाडीला टेस्लाचं सॉकेट कंपनीकडूनच बसवलेलं आहे, त्यामुळे टेस्लाच्या सुपरचार्जर नावाच्या चार्जरवर ॲडॉप्टर लागत नाही. पण ही गाडी ८०० व्होल्टची आणि ते चार्जर सहसा तेवढ्या व्होल्टचे नसतात, म्हणून तिथे तेच काम अर्ध्या तासावर जातं. शिवाय सॉकेट मागे उजव्या बाजूला आणि टेस्लाची केबल आखूड. बऱ्याच ठिकाणी शेजारची जागा अडवून उभं राहावं लागतं, ओशाळल्यासारखं होतं. थंडीत हायवेवर ७५ च्या वेगाने २९० चे साधारण २३० मैल होतात, ते धरूनच निघायचं.

मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट तशी छोटी आहे. २०२२ ते २०२४ च्या आयोनिक ५ ला मागच्या काचेवर वायपरच नव्हता. लोकांनी तक्रारी केल्या आणि २०२५ पासून वायपर आला. सीट गरम करायचं बटण आधी स्क्रीनच्या आत दडलेलं होतं, तेही बाहेर आणलं. गिऱ्हाईक काय बोलतंय ते ही कंपनी ऐकते, असं मला यातून दिसलं. चार्जिंग सांभाळणाऱ्या आयसीसीयू नावाच्या भागासाठी २०२४ मध्ये दोनदा रिकॉल निघाला होता, म्हणजे कंपनीने गाड्या फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या, दुसऱ्या वेळी अमेरिकेतल्या दोन लाखांहून जास्त गाड्यांसाठी. घ्यायच्या आधी माझी खरी धास्ती तीच होती. माझ्या गाडीने दहा महिन्यांत एकदाही दगा दिलेला नाही.

आता त्या नावाविषयी. माझ्या माहेरी, तळेगावला, ह्युंदाई हा मानाचा शब्द आहे. सँट्रो १९९८ मध्ये श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातून बाहेर पडली. बाबांनी २००१ साली बँकेचं कर्ज काढून ती घेतली, आमच्या दारातली पहिली चारचाकी. आईने चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि बाबांनी पुढे कित्येक वर्षं ती रविवारी स्वतःच्या हाताने धुतली. त्याच १९९८ मध्ये अमेरिकेत या नावाची काय दशा होती, ते मला इथे आल्यावर कळलं.

ह्युंदाई इथे १९८६ मध्ये एक्सेल ही छोटी गाडी घेऊन आली. किंमत ४,९९५ डॉलर. पहिल्याच वर्षी १,६८,८८२ गाड्या गेल्या, एवढी सुरुवात त्याआधी कुठल्या परदेशी कंपनीची झाली नव्हती. पण स्वस्तात दिलेली गाडी टिकली नाही. हप्ते फिटायच्या आत गाडी भंगारात गेल्याच्या गोष्टी गावोगाव झाल्या आणि १९९८ पर्यंत विक्री नव्वद हजारांवर आली. रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमात ह्युंदाईचं नाव नुसतं घेतलं तरी हशा पिकायचा. एखाद्या कंपनीची याहून मोठी नाचक्की कोणती?

तिथून ती वर कशी आली, हे मला मनापासून कौतुकाचं वाटतं. इंजिन-गिअरची १० वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली, तेव्हा बाकीच्या कंपन्या तीन ते पाच वर्षांवर थांबत. अशी वॉरंटी नुसत्या जाहिरातीवर निभत नाही. गाडी बिघडली तर पैसे स्वतःच्या खिशातून जाणार, म्हणून कारखान्यालाच सुधारावं लागतं. चुंग मोंग-कू यांनी १९९९ मध्ये कंपनीची सूत्रं घेतल्यावर दर्जाचा ध्यास घेतला आणि २००४ मध्ये गाड्यांचा दर्जा पाहणाऱ्या जे. डी. पॉवर कंपनीच्या नव्या गाड्यांच्या पाहणीत ह्युंदाई होंडाच्या बरोबरीला पोचली. २००५ मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीला कारखाना आला, २००९ मध्ये ह्युंदाईच्याच गटातल्या किआचा जॉर्जियातल्या वेस्ट पॉइंटला, कापडगिरण्या बंद पडलेल्या गावात. त्याच २००९ च्या मंदीत कंपनीने सांगितलं, गाडी घ्या आणि वर्षभरात नोकरी गेली तर परत द्या. बाजार वीस टक्क्यांहून जास्त कोसळला, ह्युंदाईची विक्री ८ टक्के वाढली. ज्या माणसाला उद्याचा पगार येईल की नाही याची खात्री नाही, त्याची भीती ओळखून केलेली ती योजना होती. व्हिसावर दिवस काढलेल्या कोणालाही ती समजेल.

पण कमावलेलं नाव पुन्हा पुन्हा खर्चही झालं. २०१२ मध्ये मायलेजचे आकडे फुगवल्याचं निघालं आणि २०१४ मध्ये सरकारला १० कोटी डॉलर दंड भरावा लागला. २०१५ पासून थीटा नावाच्या पेट्रोल इंजिनांचे रिकॉल सुरू झाले. मग चोऱ्या. किल्लीने चालू होणाऱ्या जुन्या मॉडेलांत इमोबिलायझर, म्हणजे खरी किल्ली नसेल तर इंजिन चालू न होऊ देणारा भाग, घातलेला नव्हता. कॅनडात तो कायद्याने सक्तीचा, म्हणून तिथल्या गाड्यांत होता. अमेरिकेत सक्ती नाही, म्हणून वाचवला. २०२१-२२ मध्ये पोरासोरांनी व्हिडिओ बघून त्या गाड्या पळवायला सुरुवात केली आणि काही शहरांत मोठ्या विमा कंपन्यांनी या गाड्यांचा नवा विमा उतरवायलाच नकार दिला. गाडीमागे थोडे डॉलर वाचवायला गेले आणि वीस वर्षांची कमाई पणाला लागली. याचा मला अजून राग येतो, कारण भोगलं ते जुनी, स्वस्त गाडी घेणाऱ्या साध्या लोकांनी.

माझा स्वतःचा वाईट अनुभव मात्र गाडीचा नाही, दुकानाचा आहे. पहिल्या डीलरकडे फोनवर एक आकडा सांगितला गेला आणि टेबलावर बसल्यावर त्यात अडीच हजार डॉलरचं "मार्केट ॲडजस्टमेंट", म्हणजे डीलरने स्वतः वाढवलेली रक्कम, जोडलेलं निघालं. वर काचांची फिल्म, टायरमध्ये नायट्रोजन, रंगाचं संरक्षण, सगळं छापील, खोडता न येणारं. मी उठले. दुसरीकडे सरळ व्यवहार झाला. पण पहिल्यांदा टायर फिरवायला, म्हणजे पुढचे मागे आणि मागचे पुढे बसवून घ्यायला, गेले तेव्हा तिथल्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, इलेक्ट्रिकचं काम येणारा आमचा एकच माणूस आहे आणि तो आज नाही. टायर फिरवायला इलेक्ट्रिकचा माणूस कशाला लागतो, हे मी विचारलं. उत्तर मिळालं नाही, तीन तास बसून परत आले. टोयोटाचा शोरूम म्हणजे काही देऊळ नाही, पण कॅमरीच्या सर्व्हिसला गेल्यावर समोरच्याला आपली गाडी माहीत असते. इथल्या बहुतेक राज्यांत ह्युंदाईसारख्या कंपन्यांना गाडी थेट गिऱ्हाइकाला विकता येत नाही, मध्ये डीलर लागतोच. कोरियात, सोलमधल्या कंपनीच्या माणसांनी गाडी कितीही घोटून बनवली, तरी अमेरिकन गिऱ्हाइकाला कंपनीचा चेहरा दिसतो तो या काउंटरवरचा. २०२४ च्या डिसेंबरपासून ॲमेझॉनवर ह्युंदाईच्या गाड्या ठरलेल्या किमतीत मिळू लागल्या, अटलांटातही. घासाघीस नको असेल तर आधी तिथे बघा.

माझी गाडी सव्हानाजवळच्या एलाबेलला बनली. १६ नंबरच्या हायवेवरून समुद्राकडे जाताना पाइनच्या झाडांमागे तो कारखाना दिसतो. जवळपास तीन हजार एकर, मार्च २०२५ मध्ये उद्घाटन. सप्टेंबरच्या चौथ्या तारखेला तिथेच, बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर इमिग्रेशनची धाड पडली. ४७५ माणसं धरली, त्यांत तीनशेहून जास्त कोरियन, अनेकांच्या हातापायांत साखळ्या. त्या शनिवारी मी अटलांटाजवळच्या डलूथच्या कोरियन बेकरीत गेले होते, दर आठवड्याला जाते. एरवी मुलीच्या हातात जास्तीचा बन ठेवणाऱ्या काकू टीव्हीकडे बघत नुसत्या उभ्या होत्या. मी कार्ड पुढे केलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. आम्हीही अकरा वर्षं व्हिसाच्या कागदांवर जगलो आहोत. मला काय बोलावं सुचेना, हात धरला फक्त.

पुढे या कंपनीचं इथे काय होईल, हे मला २०२५ या वर्षाकडे बघूनच सांगता येतं. २०२४ मध्ये ह्युंदाई, किआ आणि याच गटातली महागड्या गाड्यांची जेनेसिस मिळून सुमारे १७ लाख गाड्या गेल्या. जनरल मोटर्स, टोयोटा आणि फोर्डनंतर चौथा नंबर. एप्रिल २०२५ मध्ये आयात गाड्यांवर २५ टक्के कर लागला, कोरियासाठी तो वर्षाअखेरीस १५ वर आला. पॅलिसेडसारखी मोठी, लोकप्रिय एसयूव्ही अजून कोरियातूनच येते, तेव्हा तो भार आहेच. ३० सप्टेंबरला इलेक्ट्रिक गाडीवरची ७,५०० डॉलरची करसवलत संपली आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीने २०२६ च्या आयोनिक ५ ची किंमत मॉडेलप्रमाणे ९,८०० डॉलरपर्यंत उतरवली. नव्याने घेणाऱ्याला फायदा, पण ज्यांनी सहा महिने आधी पूर्ण पैसे मोजले त्यांच्या गाडीचा भाव पडला. माझी लीज आहे म्हणून मी वाचले. पुन्हा विकताना भाव मिळतो या एका भरवशावर आपली माणसं टोयोटाला धरून आहेत, आणि त्यात ती चुकत नाहीत. ह्युंदाईने यापुढे सवलतीपेक्षा तो भाव जपावा असं मला वाटतं. एलाबेलला हायब्रिडही बनणार आहेत, ते शहाणपणाचं आहे. जॉर्जियातला सामान्य माणूस आज तरी हायब्रिडलाच तयार आहे.

बाबा इथे होते तेव्हा पहिल्याच दिवशी पुढच्या सीटवर बसले. स्टिअरिंगकडे बोट दाखवून म्हणाले, "ही ह्युंदाईच ना? मग नाव कुठाय?" या गाडीच्या स्टिअरिंगवर कंपनीचं चिन्ह नाही, नुसते चार ठिपके आहेत. मोर्स लिपीत एच या अक्षराला चार टिंबं. मी सांगितलं. बाबा बराच वेळ बघत राहिले. "आमच्या वेळी ते एच मी ब्रासोने पुसायचो," म्हणाले. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या डिसेंबरात थांबला तेव्हा आमच्या आळीतली कितीतरी मुलं घरी बसली होती. तोच कारखाना ह्युंदाईने घेतला आणि आता तिथून नवी व्हेन्यू निघते. अमेरिकन कंपनी सोडून गेलेल्या जागेत कोरियन कंपनी उभी राहिली, हे बाबांना फार महत्त्वाचं वाटतं. हल्ली फोनवर ते गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रेलरबद्दलच सांगतात.

आमच्या पलीकडच्या घरात सत्तरीचे एक अमेरिकन आजोबा राहतात. आयुष्यभर फोर्डचे पिकअप चालवले. मार्चमध्ये गाडीभोवती एक चक्कर मारून त्यांनी विचारलं होतं, "हन-डे?" इथे सगळे तसंच म्हणतात, 'संडे'च्या चालीवर. मग मान हलवून आत गेले. परवा, थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी, ते स्वतः आले. आजीबाईंना उंच पिकअपमध्ये चढवत नाही म्हणाले, जरा बसून बघू का? दोघं बसले. आजीबाई मागेपुढे सरकवून सीट बघत होत्या, आजोबा त्या चार ठिपक्यांवर अंगठा फिरवत होते. किती पडली ते विचारलं, थंडीत किती जाते ते विचारलं, चोरीचं विचारलं. मी सगळं खरं सांगितलं. येत्या शनिवारी डीलरकडे त्यांच्याबरोबर जायचं ठरलंय. सगळं धरून शेवटचा आकडा ईमेलवर लेखी आल्याशिवाय घरातून निघायचं नाही, एवढं मी त्यांना बजावून ठेवलं आहे.