जुन्या घरातील अस्थिर वाय-फाय: रिपीटर, मेश की केबल

साताऱ्याच्या जुन्या पेठांमध्ये पुढे जाड भिंतींचे मूळ घर आणि मागे नंतर बांधलेल्या स्लॅबच्या खोल्या, अशी रचना पुष्कळ ठिकाणी दिसते. आमचे घरही तसेच आहे. फायबरची तार रस्त्याकडून येत असल्यामुळे राउटर पुढच्या सोप्यात बसला आहे, तर मुलांचा अभ्यास आणि कार्यालयाची कामे मागच्या खोल्यांत चालतात. मधल्या दोन फुटी भिंती लहरी शोषून घेतात आणि पावसाळ्यात त्यांनी ओल धरली की मागच्या खोलीतील जोडणी अधिकच तुटू लागते. अशा घरासाठी सहसा रिपीटर (राउटरच्या लहरी पकडून पुढे पाठवणारे यंत्र), मेश (एकमेकांशी जोडून एकच वाय-फाय पुरवणारा डब्यांचा संच) किंवा केबल ओढून बसवलेला दुसरा राउटर सुचवला जातो. हे तिन्ही पर्याय आमच्या घरात वापरून झाले आहेत, त्यामुळे पुढचे मत त्या अनुभवापुरते आहे असे समजावे.

पैसे खर्च करण्याआधी दोष तारेत आहे की हवेत, एवढे मात्र पाहून घ्यावे. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी तासभर काम करावे. तेव्हाही जोडणी तुटत असेल, किंवा फायबरच्या डब्यावरील एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागत असेल, तर आधी तारेची तक्रार नोंदवावी, कारण रिपीटर, मेश किंवा दुसरा राउटर यांपैकी कोणतीही वस्तू तो दोष दूर करणार नाही. केबलवर सर्व सुरळीत असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये 2.4 गिगाहर्ट्झच्या बँडचे (वाय-फायच्या लहरींच्या पट्ट्याचे) चॅनेल 1, 6 किंवा 11 यांपैकी शेजाऱ्यांची गर्दी कमी असेल तेथे न्यावे. दाटीच्या वस्तीत एवढ्यानेही बराच फरक पडतो.

रिपीटर सर्वांत स्वस्त, आणि भिंतीवरील सॉकेटमध्ये खोचला की काम सुरू. तो एकाच रेडिओवर माहिती घेतो आणि त्याच रेडिओवर पुढे पाठवतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. मला त्या वेगाचा फारसा त्रास झाला नाही, कारण दूरस्थ वर्गासाठी तेवढा वेग पुरत होता. त्रास झाला तो वीज गेल्यानंतरचा. साताऱ्यात पावसाळ्यात लाईट जाणे-येणे नेहमीचे आहे. लाईट आली की रिपीटर लगेच जागा होत असे, फायबरच्या डब्याला मात्र मूळ जोडणी मिळवण्यास काही मिनिटे लागत. त्या गडबडीत आमचा रिपीटर मूळ राउटरला पुन्हा जोडला जात नसे, तरीही स्वतःचे नाव प्रसारित करत राहत असे. फोनवर सिग्नलच्या पूर्ण रेषा दिसत आणि इंटरनेट मात्र नसे. घरात कोणी जाणते नसताना आईला सोप्यातून मागच्या खोलीत जाऊन तो सॉकेटमधून काढून पुन्हा लावावा लागे. सर्वच रिपीटर असे वागतात असे मी म्हणणार नाही. परंतु पूर्ण सिग्नल दाखवून काम न करणारे यंत्र घरातील वडीलधाऱ्यांना फार गोंधळात टाकते, आणि माझा निर्णय त्याच एका गोष्टीने झाला.

मेश याबाबतीत पुष्कळच शहाणा आहे. लाईट आल्यावर त्याचे डबे एकमेकांना आपोआप शोधतात, आणि सोप्यातून मागे चालत जाताना फोन एका डब्यावरून दुसऱ्यावर बऱ्यापैकी सफाईने सरकतो. मात्र डब्यांमधील दुवाही हवेतूनच असेल, तर त्याला त्याच भिंती पार कराव्या लागतात. मधल्या माजघरात, अर्ध्या वाटेवर, एक डबा ठेवल्यावरच आमच्याकडे तो नीट चालला, म्हणजे एक डबा आणि एक सॉकेट जास्तीचे लागले. डब्यांमधील दुव्यासाठी वेगळा बँड राखून ठेवणारे संच अधिक चांगले असतात, पण त्यांची किंमतही तशीच असते.

अखेर मागच्या खोलीपर्यंत कॅट 6 केबल ओढली आणि तिच्या टोकाला एक साधा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे केवळ वाय-फाय पुरवण्यापुरता, बसवला. तो मोड नसेल तर दुसऱ्या राउटरचा आयपी पत्ता (नेटवर्कमधील त्याचा क्रमांक) बदलून त्याचे डीएचसीपी, म्हणजे इतर उपकरणांना असे पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये (घरातील उपकरणांसाठीच्या) लावावी, वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीच्या) नव्हे. दोन्हीकडे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवावा, चॅनेल मात्र वेगळे, उदाहरणार्थ 1 आणि 11. केबलची मर्यादा 100 मीटर असल्यामुळे घरगुती अंतराची चिंता नसते. चिंता असते ती केबलच्या प्रतीची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते. ती टाळून शुद्ध तांब्याचीच मागावी. केबल विजेच्या तारांच्या पाइपातून नेऊ नये. मागच्या खोल्या म्हणजे स्वतंत्र इमारत असेल, तर वळवाच्या विजांचा विचार करून मधला टप्पा फायबरचा ठेवणे मला अधिक सुरक्षित वाटते.

या पद्धतीत उणिवा नाहीत असे नाही. भिंतीला भोक पाडावे लागते, गवंडी आणि वायरमन दोघांच्या वेळा जुळवाव्या लागतात, आणि चालता चालता बोलताना फोन कधी कधी जुन्याच राउटरला चिकटून राहतो, कारण कोणत्या राउटरला जोडून घ्यायचे हे शेवटी फोन ठरवतो. पुढच्या राउटरची प्रसारणशक्ती थोडी कमी केल्यावर हा दोष बराच ओसरला. मात्र लाईट आल्यानंतर मागच्या खोलीत कोणालाही काही करावे लागत नाही, आणि आमच्या घरापुरते हे सुख बाकी सर्व सोयींपेक्षा मोठे ठरले. दोन्ही राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घेतले असून इन्व्हर्टर यूपीएस मोडवर (लाईट जाताच क्षणात बॅटरीवर जाईल असा) ठेवला आहे, त्यामुळे लाईट गेल्याचेही त्यांना सहसा कळत नाही.

भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नसेल, तर रिपीटरपेक्षा मेशकडे झुकावे असे मी सुचवेन. तो घेताना प्रत्येक डब्याला लॅन पोर्ट आहे ना आणि केबलने जोडण्याची सोय आहे ना, एवढे दुकानातच विचारून घ्यावे, म्हणजे पुढे स्वतःच्या घरात केबल ओढल्यावर तेच डबे तिला जोडता येतील.