डिसेंबरात काय करायचं? यूल, स्टोनहेंज, ब्रायटनचे कंदील आणि वॉसेल

दिवाळीचे कंदील उतरले की ब्रिटनमधल्या मराठी घरांत डिसेंबरचा विषय निघतो. मुलं शाळेतून ख्रिसमसच्या याद्या घेऊन येतात. बरीच घरं झाड आणून मोकळी होतात आणि त्यात वावगं काहीच नाही. पण ज्यांना येशूजन्माशी फारसं देणंघेणं नाही, आणि नुसत्या खरेदीचाही वीट आलाय, अशी मंडळी हल्ली विचारू लागली आहेत: ते सॉल्स्टिसवाले, यूलवाले लोक नेमकं करतात काय? आपल्याला चालेल का? पोरांना आवडेल का? मी नैऋत्य इंग्लंडात राहते, यातलं बरंचसं आमच्या आसपासच होतं. म्हणून हा आढावा.

मुळात त्या सॉल्स्टिसचं, म्हणजे हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवसाचं, आणि त्याच सुमाराच्या यूल सणाचं एवढं काय? लंडनला 21 डिसेंबरच्या सुमारास सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. पुरते आठ तासही उजेड नाही. मुंबईत वर्षातला सगळ्यात लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो, त्यामुळे तिथे तो कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे एक-दोन हिवाळे काढले की त्या दिवशी काहीतरी करावंसं वाटायला पेगन (ख्रिस्ती धर्माआधीच्या युरोपीय देवदेवता मानणारं) असावं लागत नाही.

आधी जुन्या-नव्याचा घोळ मिटवू

जिथे जाल तिथे 'पाच हजार वर्षांची परंपरा' ऐकायला मिळेल. त्यावर फार विसंबू नका. आधुनिक पेगन लोक पाळतात ते आठ सणांचं वर्षचक्र (सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा दिवस हे दोन अयनदिन, दिवस-रात्र समान असलेले दोन संपातदिन आणि मधले चार ऋतुसण) 1950 च्या दशकात इंग्लंडात जुळवलं गेलं. मलायात कस्टम्स खात्यात नोकरी करून आलेला जेराल्ड गार्डनर आणि ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणाऱ्या) मंडळींतला रॉस निकोल्स हे दोघे त्यामागे होते. मधले चार सण मुख्यतः आयर्लंडच्या जुन्या ऋतुसणांवरून घेतले, बाकीचे इकडून तिकडून. हे आठही सण एकत्र पाळणारा कुठलाही प्राचीन समाज माहीत नाही. शरदसंपाताला 'मेबॉन' हे नाव तर 1974 मध्ये एडन केली या अमेरिकन माणसाने दिलं. नाव वेल्श पुराणकथेतलं आहे, पण त्या कथेचा शरद ऋतूशी काही संबंध नाही.

यूल हा सण मात्र खरोखर जुना. इ.स. 725 मध्ये बीड या इंग्लिश मठवासीयाने कालगणनेवर लिहिताना नोंदवलंय की पूर्वीचे अँग्लो-सॅक्सन 24 डिसेंबरच्या रात्रीला 'मातांची रात्र' म्हणत. त्या रात्री ते काय करत, याबद्दल त्याच्याकडून जवळजवळ काहीच कळत नाही. म्हणजे नाव जुनं आणि विधी आजचे.

हे ऐकून काही जण नाराज होतात. मला त्यात नाराज होण्यासारखं काही दिसत नाही. गणपती घराबाहेर मांडवात आला तो 1890 च्या दशकात, आणि ब्रिटिश घरांत ख्रिसमसचं झाड रुळलं ते व्हिक्टोरिया राणीच्या काळात. सण कधी जुळवला यापेक्षा तिथे आपल्या हाताला काही काम आहे का, आणि शेजारी कोण उभं आहे, हे बघून निवडावं. पुढचं सगळं याच दोन कसोट्यांवर.

घरातला यूल

सगळ्यात स्वस्त आणि सोपा. संध्याकाळी घरातले दिवे मालवायचे, थोडा वेळ अंधारात बसायचं, मग एकेक मेणबत्ती लावत जायचं. घरात शेकोटीची जागा असेल तर ओंडका जाळायचा. नसेल तर ओंडक्याला भोकं पाडून त्यात मेणबत्त्या बसवतात. होली, आयव्ही, पाइनच्या फांद्या, संत्र्याच्या सुकवलेल्या चकत्या. सगळ्या सामानाला दहा पौंडही लागत नाहीत आणि फांद्या कुणाच्या कुंपणावरून विचारून आणल्या तर तेवढेही नाहीत.

अडचण अशी की हे घरातच राहतं. पहिल्या वर्षी मजा येते, दुसऱ्या वर्षी मुलं विचारतात, 'बाकीचं कोण करतं हे?' मग माणसं शोधावी लागतात. इंग्लंडात बऱ्याच गावांत पेगन लोकांची महिन्यातून एकदा पबमध्ये बैठक असते, तिला 'मूट' म्हणतात. तिथे नवख्याला कुणी खोदून विचारत नाही, धर्मांतराचा तर विषयच नाही. यूलच्या खुल्या विधीला बागेत किंवा हॉलमध्ये गोल करून उभं राहायचं, चार दिशांना आवाहन, मग खाणं, आणि ते बहुधा प्रत्येकाने आपापलं आणलेलं. इंग्लंड-वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत 74,000 लोकांनी स्वतःला पेगन म्हटलं, 2011 मध्ये ते 57,000 होते. म्हणजे लोक आहेत, पण तुमच्या गल्लीत असतीलच असं नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण आपल्या लोकांना ती सहसा कुणी सांगत नाही. ओडिन-थॉर मानणाऱ्या नॉर्स पंथांत काही गट 'फोकिश' म्हणवतात. त्यांचं म्हणणं, ही परंपरा उत्तर युरोपीय रक्ताच्या लोकांचीच. अशा ठिकाणी आपलं स्वागत होणार नाही. सगळे नॉर्स पंथीय तसे नसतात. 1973 पासून सरकारमान्य असलेल्या आइसलँडच्या आसात्रू संस्थेचा अशा वंशवादाला उघड विरोध आहे. तेव्हा जाण्याआधी त्या गटाचं 'आमच्याबद्दल' हे पान नीट वाचा. पूर्वज आणि रक्त यांचा उल्लेख वारंवार येत असेल तर तिकडे फिरकू नका.

स्टोनहेंजची पहाट

एकदा जायला हरकत नाही. दरवर्षी जाण्यासारखं, निदान लहान मुलं असलेल्या घराला, वाटत नाही.

हिवाळी अयनदिनाच्या पहाटे इंग्लिश हेरिटेज ही संस्था दगडांच्या वर्तुळात फुकट जाऊ देते. एरवी साधं तिकीट काढूनही दोरीबाहेरूनच बघावं लागतं, त्यामुळे त्या प्रचंड दगडांना टेकून उभं राहण्याची ही दुर्मिळ संधी. पार्किंगला पैसे पडतात आणि ते लवकर भरतं. उघडं माळरान, बोचरा वारा, सूर्य उगवेस्तोवर आठ वाजून जातात आणि बऱ्याचदा ढगांमुळे तो दिसतही नाही. ढोल वाजतात, पांढऱ्या झग्यातले ड्रुइड असतात, आणि फोन उंचावलेले बघे त्यांच्याहून जास्त.

गंमत म्हणजे हिवाळ्यात या दगडांची रेषा जुळते ती मावळत्या सूर्याशी. लोक मात्र जमतात उगवतीला. ड्रुइडांचं नातंही उसनंच, कारण मोठे दगड उभे राहिले ते इ.स.पूर्व 2500 च्या सुमारास आणि ड्रुइडांचे उल्लेख त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी येतात. हिवाळ्यात तिथे कुणीतरी जमत होतं याचा खरा पुरावा जवळच्या डरिंग्टन वॉल्सला मिळाला: डुकरांच्या हाडांचे ढीग. दातांवरून ती बरीचशी साधारण नऊ महिन्यांची असताना मारली गेली असं दिसतं. वसंतात जन्मलेलं डुक्कर नऊ महिन्यांचं होतं ते भर हिवाळ्यात. तेव्हा दगड उभारणाऱ्यांचा अयनदिन बहुधा मोठ्या जेवणावळीचा होता. आज तिथे आपण नुसते बघे असतो. हाताला काम शून्य. थंडी सोसत नसेल तर इंग्लिश हेरिटेज सूर्योदयाचं थेट प्रक्षेपणही करते.

ब्रायटन आणि पेंझन्स

ब्रायटनचा 'बर्निंग द क्लॉक्स' 1994 साली सुरू झाला. ख्रिसमसच्या खरेदीला उतारा म्हणून कलावंतांनी जुळवलेला, कुठल्याही धर्माचा नाही. 21 डिसेंबरला लोक स्वतः केलेले कंदील घेऊन शहरातून मिरवत समुद्रावर जातात, तिथे ते कंदील होळीत टाकतात आणि मग आतषबाजी होते.

आपल्या माणसाला यात शिरणं सगळ्यात सोपं, कारण हात तयार असतो. विलोच्या ओल्या काड्या वाकवायच्या, सांधे मास्किंग टेपने बांधायचे, टिश्यू पेपर पातळ गोंदात भिजवून त्यावर ताणून चिकटवायचा. घरी कामट्यांचा आकाशकंदील केलेल्या बाबांना इथे कुणी शिकवावं लागत नाही. कागद ओला असताना लोंबतो, 'फसला' असं वाटतं. रात्रभर वाळला की तबल्याच्या पुडीइतका ताठ होतो. आत छोटा बॅटरीवरचा दिवा. मिरवणुकीत चालताना तो बांबूच्या काठीवर धरायचा, आणि वारा समुद्रावरून येत असला की काठी दोन्ही हातांनी. होळीत टाकण्याआधी बॅटरी काढून घ्यायला विसरू नका. लहान मुलं कंदील जाळायला द्यायला तयार होत नाहीत, रडारड होते. आधी घरी सांगून ठेवा, किंवा दोन करा.

खोट एकच, भरवसा नाही. वादळी वारा, पैशांची चणचण, कोविड अशा कारणांनी असे कार्यक्रम रद्द होतात. त्या वर्षी आहे की नाही हे पाहूनच ट्रेनची तिकिटं काढा.

पेंझन्सचा मॉन्टोल त्याच तारखेच्या सुमारास, 2007 पासून. कॉर्नवॉलच्या जुन्या मुखवटानाचावर बेतलेला: फाटके-चकाकते कोट, मुखवटे, ढोल, आणि यूलच्या ओंडक्यावर खडूने माणूस काढून तो जाळायचा. मोठ्यांसाठी ब्रायटनपेक्षा सरस. मुखवट्यांना भिणाऱ्या मुलांसाठी नाही. शिवाय लंडनहून पेंझन्स म्हणजे रेल्वेने पाच तास, राहण्याचा खर्च वेगळा.

अमेरिकेत 2001 मध्ये न्यू जर्सीच्या मानवतावाद्यांनी 23 डिसेंबरचा 'ह्यूमनलाइट' सुरू केला. विवेक, करुणा, आशा यांच्या नावाने मेणबत्त्या. कल्पना चांगली आहे, पण मला तो सणापेक्षा सभाच जास्त वाटतो.

वॉसेल

आता माझा कल सांगते. तारीख डिसेंबरची नाही, तरीही मी बोट ठेवीन ते यावर.

वॉसेल म्हणजे चांगल्या पिकासाठी सफरचंदाच्या झाडांना साकडं घालणं. सॉमरसेट, हेरफर्डशर, डेव्हन हा सफरचंदांचा प्रदेश. जानेवारीत रात्री गावकरी बागेत जमतात, सगळ्यात जुन्या झाडाभोवती गोल करतात. एक मुलगी किंवा बाई 'राणी' होते, तिला उचलून धरतात आणि ती सायडरमध्ये (सफरचंदाच्या आंबवलेल्या मद्यात) बुडवलेला पावाचा भाजका तुकडा फांदीच्या बेचक्यात ठेवते, रॉबिन पक्ष्यासाठी. मग मुळांवर सायडर ओततात, गाणी म्हणतात आणि वाईट शक्ती पळाव्यात म्हणून डबे, पातेली, झाकण्या बडवतात. काही ठिकाणी फांद्यांमधून बंदुकीचे बार काढतात. मुलांना घरातली कढई आणि पळी घेऊन जायला सांगतात आणि ती बडवण्याची पूर्ण मुभा असते. असा सण मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

कुणावर श्रद्धा ठेवायची अट नाही. पेगन लोक येतात, चर्चवाले येतात, नुसते सायडरसाठीही येतात. झाडांना असं साकडं घालण्याच्या नोंदी इंग्लंडात 16व्या शतकापासून सापडतात, म्हणजे इथे वर्णन केलेल्यांत सलग दाखला असलेला हा त्यातल्या त्यात जुना. मधल्या काळात बऱ्याच गावांत बंद पडला होता आणि गेल्या काही दशकांत सामुदायिक बागांनी पुन्हा सुरू केला. त्यामुळे शहरांतही होतो.

तारखेची कथा आपल्याला विशेष कळण्यासारखी. 1752 साली ब्रिटनने पंचांग बदललं आणि सप्टेंबरातले अकरा दिवस गाळले. सॉमरसेटच्या कारहॅम्प्टनसारख्या गावांनी ते काही मनावर घेतलं नाही. जुनी बारावी रात्र (ख्रिसमसनंतरची बारावी) ती जुनीच, म्हणून तिथलं वॉसेल अजून 17 जानेवारीला. आपली संक्रांत 14-15 ला. तीही अयनदिनापासून घसरलेलीच: सुमारे 1700 वर्षांपूर्वी मकरसंक्रमण आणि उत्तरायणाचा आरंभ एकत्र येत, पण निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने चालणाऱ्या) गणितामुळे साधारण 70-72 वर्षांत एक दिवस असं ते पुढे सरकत गेलं. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत संक्रांत 10 जानेवारीला येते, आणि भारताच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेचा पौष तर 22 डिसेंबरलाच सुरू होतो. म्हणजे तारखेवरून भांडण्यात दोन्ही देश बरोबरीचे.

सोय अशी की हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तेव्हा वॉसेलला जाताना तिळाच्या वड्या डब्यात नेल्या तर काही मोडत नाही. इंग्रजांना तीळगूळ आवडतो. गूळ काय हे विचारतात, मग पुढचा अर्धा तास कुणाशी काय बोलावं हा प्रश्न उरत नाही.

खबरदारीच्या दोन गोष्टी. बंदुकीचे बार असतील तर लहान मुलांना लांब उभं करा. आणि वॉसेलला बऱ्याचदा बॉर्डर मॉरिस या इंग्लिश लोकनृत्याचे नर्तक असतात. पूर्वी ते तोंडाला काळा रंग फासत, आणि ती कृष्णवर्णीयांची थट्टा वाटे. 2020 मध्ये मॉरिसच्या मुख्य संघटनांनी तो थांबवायचं ठरवलं, आता बहुतेक गट निळा, हिरवा रंग किंवा मुखवटे वापरतात. एखादा जुना हट्टी गट दिसलाच तर आयोजकांशी बोलायला संकोच करू नका.

मग कुणी काय करावं

एकटं राहता, गर्दी नको, काम कमी करून दोन तास शांत बसायचंय, तर घरातला यूल. मूट नंतर, वाटलं तर. भारतातून आई-बाबा आलेत आणि त्यांना 'काहीतरी इथलं' दाखवायचंय, तर स्टोनहेंज, पण पहाटेच्या त्या गर्दीत नको. सत्तरीच्या माणसाला अंधारात, ओल्या गवतात, गोठत उभं करण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी तिकीट काढून दुपारी न्या. लंडन किंवा दक्षिण किनाऱ्यावर राहत असाल आणि मुलं आठ-दहा वर्षांची असतील तर ब्रायटन, कार्यक्रम होणार असल्याची खात्री करून. पाचाच्या खालच्या पोरांसाठी वॉसेल, आणि खरं सांगायचं तर बाकी सगळ्यांसाठीही.

जवळचं वॉसेल शोधायला सामुदायिक फळबागा आणि सायडरवाल्यांची पानं डिसेंबरातच बघून ठेवा, काही ठिकाणी तिकीट असतं. मद्य घेत नसाल तर सफरचंदाचा गरम रस आहे का ते विचारा, बहुतेक ठिकाणी असतो. जेवण मात्र बऱ्याचदा डुकराच्या मांसाचं, तेव्हा शाकाहारी मंडळींनी घरून खाऊन निघावं. आणि वेलिंग्टन बूट घाला. जानेवारीत सॉमरसेटच्या बागेत घोट्यापर्यंत चिखल असतो, स्पोर्ट्स शूज घालून आलेली पाहुणेमंडळी लांबूनच ओळखू येतात.