एकच पॅटर्न, आहेराचे पीस, खण आणि वाकळ: इल्फर्ड जॅकेटबद्दल

घरात मशीन आहे, कपाटात कापडं साठली आहेत आणि ब्लाउज-ड्रेसच्या पुढचं काहीतरी शिवावंसं वाटतंय, अशा कुणीही इल्फर्ड जॅकेटचा पॅटर्न, म्हणजे कापड कापायचा कागदी नमुना, डोळे झाकून घ्यावा. अमेरिकेतल्या फ्रायडे पॅटर्न कंपनीचा हा पॅटर्न आहे. समोरून बटणांचं, कॉलरचं, ऐसपैस जॅकेट, बाईमाणसाला आणि पुरुषाला दोघांनाही चालणारं. एक्सएसपासून सात एक्सपर्यंतची मापं त्यातच येतात. उंची तीन तऱ्हेची: आखूड, कंबरेखाली येणारी आणि अर्ध्या मांडीपर्यंतची. खिसे बरेच प्रकारचे दिलेत, त्यातले आपल्याला हवे ते लावायचे.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत घरीच ब्लाउज शिवते. ब्लाउजमध्ये सगळा जीव मापात असतो. टक्स अर्धा इंच सरकला, मुंढा (बाही जोडायची गोलाई) जरा खोल गेला की गिऱ्हाईक आरशासमोरच तोंड वाकडं करतं. या जॅकेटचं तसं नाही. खांदा मुद्दाम दंडावर उतरवलाय, त्यामुळं मुंढा जवळजवळ सरळ आणि बाहीचा वरचा गोलवाही बेताचा. बगल उघडी असतानाच बाही सपाट जोडून घ्यायची, मग बाहीच्या टोकापासून खालच्या घेरापर्यंत एकच लांब शिलाई मारायची. कापड ओढून-ताणून मुंढ्यात बसवायची वेळच येत नाही. म्हणूनच खणासारखं कडक, सोलापुरी चादरीसारखं जाड आणि सुटिंगसारखं निसरडं कापड एकाच कागदावर निभावतं. जॅकेट कसं दिसणार ते कापड ठरवतं, कागद फक्त अंगावर बसण्याचं बघतो. मला हा पॅटर्न आवडला तो एवढ्यासाठी.

छपाईचं आधी सांगते. पॅटर्न पीडीएफमध्ये घेतला तर ए-फोरचे कागद चिकटवत बसू नका. ए-झिरोची फाईल पेनड्राइव्हवर घेऊन जिथं घरांचे नकाशे छापतात अशा झेरॉक्सवाल्याकडं जायचं. ए-झिरो म्हणजे 841 बाय 1189 मिलिमीटरचा कागद. त्याला ठणकावून सांगायचं, ‘दादा, शंभर टक्के साइज, फिट टू पेज नको.’ मापाची पट्टी सोबत न्या आणि पॅटर्नवरचा तपासणीचा चौकोन दुकानातच मोजा. तो जरा जरी कमी भरला तरी छपाई परत करून घ्या, कारण चौकोनातला फरक छातीच्या घेरापर्यंत कितीतरी पटीनं वाढतो. सगळी मापं एकावर एक छापलेली असतात, तेव्हा मूळ कागदाला कात्री लावू नका. ब्राऊन पेपरवर आपलं माप उतरवून घेतलं की मूळ शाबूत राहतं. पुढं नवऱ्याचं, लेकीचं त्यावरूनच काढता येतं. शिलाईची जागा पॅटर्नमध्येच धरलेली आहे. आपल्या सवयीनं वरून आणखी इंच सोडू नका.

आता कपाटाकडं वळू. आपल्याकडं कुठल्याही घरी बघा, लग्नात आहेर म्हणून आलेले पँट-शर्टचे पीस डब्यासकट पडून असतात. पुरुष आता रेडिमेड घालतात, पीस कुणी शिवत नाही आणि द्यायचे म्हटलं तर तेच परत दुसऱ्याच्या लग्नात जातात. पँटचा पीस साधारण सव्वा मीटरचा आणि 58 इंच पन्ह्याचा, म्हणजे रुंदीचा, असतो. एका पिसात आखूड उंचीचं अंग निघतं, बाह्या मात्र बसत नाहीत. म्हणून मी दोन पीस घेते, एक गडद आणि एक फिका. अंग गडदात, बाह्या आणि वरची कॉलर फिक्यात. रंग एकाच घराण्यातले घ्यावेत, करडा आणि काळा, तपकिरी आणि बदामी. असं जॅकेट मुद्दाम दोन रंगांत केलेलं वाटतं. सुटिंगमध्ये बहुतेक पॉलिस्टर असतं, त्यावर गरम इस्त्री थेट फिरवली की चकाकी येते. वर ओला रुमाल टाकून दाबायचं आणि उचलायचं, इस्त्री घासायची नाही.

खणाबद्दल मला जास्त सांगायचंय. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण म्हटलं की पन्हा लहान, तीस-बत्तीस इंचांच्या आसपास. नेहमीच्या पद्धतीनं उभा धागा धरून कापलं तर काठ कुठंतरी बगलेत जाऊन लपतो. त्यापेक्षा आखूड उंची घ्यायची आणि कापड आडवं ठेवायचं. पाठ आणि दोन्ही पुढचे भाग एका ओळीत मांडायचे, त्यांची खालची कड बरोबर काठावर टेकवायची. लहान पन्ह्यात आखूड जॅकेटची उंची आरामात मावते आणि काठ आपोआप घेराला येतो. पॅटर्नची खालची कड सरळ आहे म्हणूनच हे जमतं, गोलाई असती तर काठ तिथंच तुटला असता. काठाची किनार विणलेलीच असते. तिथं दुमड घालायची नाही. दुमडीसाठी पॅटर्नमध्ये धरलेली जागा तेवढी वजा करायची, नाहीतर जॅकेट लांब पडेल. बगलेच्या शिलाईत पुढचा आणि मागचा काठ एका रेषेत यायला हवा. त्यासाठी टाचण्या खालून वर लावत जायचं, काठापासून बगलेकडं. बारीक बुट्टीचा खण घ्या, ती आडवी झाली तरी खटकत नाही. मोठी, एकाच दिशेची नक्षी असेल तर ती झोपलेली दिसते, तसला खण ब्लाउजलाच ठेवा.

खण कापला की लगेच सुटायला लागतो. प्रत्येक तुकड्याला आधी इंटरलॉक, म्हणजे कडेचे धागे अडवणारी शिलाई, मारून घ्या, मगच शिवायला बसा. मोकळ्या कडा झाकायला मी इचलकरंजीच्या पॉपलिनच्या उरेबी, म्हणजे तिरप्या कापलेल्या, पट्ट्या लावते. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून ते गाव कापडावरच जगतंय. आपल्यासारख्यांना तिथलं साधं सुती कापड अजून परवडतं आणि दोन धुण्यात मऊही होतं. पट्टी लावायच्या आधी पॉपलिन एकदा पाण्यातून काढा.

सगळ्यात लाडकं जॅकेट म्हणजे वाकळेचं. आमच्याकडं गोधडीला वाकळच म्हणतात. आईची जुनी सुती पातळं, पदराकडं विरलेली पण मधे धडधाकट, त्यांचे दोन थर घेऊन हातानं धावदोरा घातला. इथं क्रम महत्त्वाचा आहे. दोरा घालताना कापड आवळतं, म्हणून आधी वाकळ भरायची आणि मगच पॅटर्न ठेवून कापायची. वाकळ पॅटर्नपेक्षा चारी बाजूंनी हातभर मोठी घेतली तर मागाहून कमी पडत नाही. मधे तिसरा थर नको, नाहीतर कॉलर जाड होते आणि मान धरते. जीन्सला असते तशी दोन्हीकडून बंद केलेली शिलाई या जाडीला जमत नाही. साधी शिलाई मारून कड उरेबी पट्टीत गुंडाळायची. खिसे बाहेरून लावायचे साधेच घ्या आणि ते एकेरी कापडाचे करा. थंडीत पन्हाळ्यावर गाडीवरून जाताना याच्यासारखं ऊबदार काही नाही आणि उतरल्यावर ऊन लागलं तरी अंगात ठेवता येतं. पॅटर्नमध्ये अस्तर नाही हे कुणाला उणं वाटेल, कोल्हापूरच्या हवेला मात्र तेच बरोबर आहे. आपली थंडी सकाळी रंकाळ्यावर चक्कर मारेपर्यंतच असते.

सोलापुरी चादरीचंही छान होतं, फक्त 16 नंबरची सुई लावा, टाका मोठा ठेवा आणि कॉलरची खालची बाजू पॉपलिनची करा. पातळ, झुळझुळीत साड्यांचं मात्र शिवू नका. शिफॉन, जॉर्जेटमध्ये हा घेर आकार धरत नाही, खांदा लोंबतो आणि खिसा खाली ओढला जातो. बटणपट्टीला आतून बकरम (कडक कापड) लावूनही फारसा उपयोग होत नाही.

पुस्तिका इंग्रजीत आहे. चित्रं स्वच्छ आहेत, ज्याला शर्ट शिवता येतो त्याला अडचण येऊ नये. अगदी नवशिक्या माणसानं मात्र कॉलर लावताना शेजारी कुणीतरी जाणतं बसवावं. किंमत डॉलरमध्ये आहे. रुपयांत धरली तर एका चांगल्या रेडिमेड कुर्त्याइतकी जाते आणि नंतर कितीही जॅकेटं शिवा.

बटणं महाद्वार रोडच्या लेस-बटणाच्या दुकानांतून, कापड सोबत नेऊन घ्या. घरच्या पिवळ्या दिव्यात मॅचिंग कळत नाही. मापाचं म्हणाल तर जॅकेट मुळातच सैल आहे. तक्त्यात छातीचं जे माप येईल ते खण आणि सुटिंगला ठेवा. वाकळेचं जाड असतं, आत स्वेटर घालायचा असेल तर एक माप वरचं धरा. आणि बाहीची लांबी कापायच्या आधी हात वाकवून मोजा, कारण खांदा दंडावर उतरल्यामुळं बाही कागदावर आखूड दिसते आणि अंगात बरोबर येते.