ल्युकेमियाच्या उपचारांत लेकीची न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट: शाळेचं वर्ष संपताना लिहितेय

मुलीला एएलएल (मुलांमधला एक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर) आहे, सध्या मेंटेनन्स, म्हणजे उपचारांचा शेवटचा, लांब पण सौम्य टप्पा चालू. तिसरीत शाळेत परतली तेव्हा फळ्यावरचं निम्मंच वहीत यायचं. बाईंचं मत, हुशार आहे पण चेंगट. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की पाठीच्या मणक्यातून दिलेल्या मेथोट्रेक्झेट या केमोच्या औषधामुळे काही मुलांचं लक्ष आणि कामाचा वेग कमी होऊ शकतो, न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट (लक्ष, स्मरण, कामाचा वेग वगैरे मोजणारी चाचणी) करून घ्या. दिवाळीनंतर एका सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे केली.

तारीख घेताना स्टेरॉइडचे दिवस टाळा. त्या दिवसांत आमची लेक माझ्याशीही धड बोलत नाही, टेस्ट काय देणार! टेस्टमधले लाल-पांढरे ठोकळे जुळवणं तिला आवडलं, आकडे उलट्या क्रमाने म्हणताना रडकुंडीला आली.

एकूण बुद्ध्यांक ९६. आजी-आजोबा खूश, पण हाच आकडा सगळ्यात बिनकामाचा निघाला. सरासरी १०० धरतात. शब्दांची समज १०८ आणि कामाचा वेग ७८ असताना दोन्ही एकत्र ढवळून काय कळणार?

मला पैसे वसूल वाटले ते पुढच्या भागात. आकड्यांखाली चिन्हं भरायच्या कामात ती फार मागे पडली. पण विन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाने बोटांतली ताकदही कमी होऊ शकते. मग हात हळू की डोकं? मॅडमनी न लिहिता तोंडी उत्तरं द्यायची कामं वेगळी दिली. निष्कर्ष: दोन्ही, पण हात जास्त. म्हणून ऑक्युपेशनल थेरपी (हाताच्या, लिहिण्यासारख्या रोजच्या कामांचा सराव) सुरू झाली. नुसता बुद्ध्यांक काढणाऱ्याकडे गेलो असतो तर हे कळलंच नसतं.

मराठी माध्यमाच्या पालकांसाठी: नागपूरच्या डॉ. मालिन यांची मुलांची बुद्धिमत्ता चाचणी मराठीत आहे, पण ती १९६९ची, तिची सरासरी त्या काळच्या मुलांची. आमची लेक इंग्रजी माध्यमात, तिची वेश्लर या परदेशी बुद्धिमत्ता चाचणीच्या भारतीय आवृत्तीवर झाली.

रिपोर्ट जाडजूड. शाळेत कुणी उघडलाही नाही. मग मॅडमकडून एक पानी पत्र मागून घेतलं: पुढच्या बाकावर बसवा, फळ्यावरचं छापून द्या, चाचणीला जादा वेळ द्या. पहिल्या दोन गोष्टी लगेच झाल्या, जादा वेळेसाठी मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर बरंच ताटकळावं लागलं. वह्या आता पूर्ण असतात. पाढे अजूनही निसटतात, त्यावर रिपोर्टमधल्या युक्त्यांचा आम्हाला फारसा उपयोग झाला नाही.

अशा मुलांमध्ये फरक वर्षांनी वाढूही शकतो, त्यामुळे पुन्हा करायची आहे. मात्र लगेच केली तर सरावानेच गुण वाढतात, म्हणून मॅडमनी किमान वर्षभर थांबायला सांगितलंय.